मुलाच्या बाजूचा माणूस

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्याच्या कडेने मांजरा वाहते आणि पलीकडे तेलंगणा लागतो. इथल्या एकाच वर्गात घरी मराठी, तेलुगू, दखनी आणि गोरमाटी बोलणारी पोरे मांडीला मांडी लावून बसतात. दहावीचा निकाल लागला की त्यांतली चांगल्या गुणांची मुले लातूरची वाट धरतात, काही नांदेडच्या शिकवण्यांत शिरतात, आणि काही मुलींच्या घरी स्थळांची बोलणी सुरू होतात. शालेय समुपदेशन हे पुण्या-मुंबईच्या शाळांचे कौतुक आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा वर्ग डोळ्यांपुढे आणावा आणि मग या शास्त्राचा उंबरा ओलांडावा. आत सगळ्यांचे स्वागत आहे. मानसशास्त्राची पदवी असलेल्यांचे आणि नसलेल्यांचेही.

या शास्त्राची सुरुवात पोटापाण्याच्या प्रश्नातून झाली. १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे कार्यालय उघडले. आपल्याकडे मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची शिफारस केली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग मानला आणि त्याची सुरुवात प्राथमिक शाळेपासून व्हावी असे सांगितले. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणीही झाली. चाचणीचा कागद मुलाच्या हाती आला. तो कागद घेऊन बापाशी कसे बोलायचे, हे सांगणारा माणूस बहुतेक शाळांत नव्हता. आमच्या मते खरी उणीव तिथे आहे.

समुपदेशकाची कामे कोणत्याही शासकीय पत्रकात सापडतील: अभ्यासातील अडचणी, वर्तनाचे प्रश्न, पुढील शिक्षणाची निवड, पालकांशी संवाद. त्यावर फार थांबण्याचे कारण नाही. थांबायचे ते एका अवघड जागेवर. समुपदेशकाला पगार शाळा देते, पण खोलीत बसल्यावर तो मुलाच्या बाजूचा असावा लागतो. मुख्याध्यापक सहज विचारतात, ‘काय म्हणालं ते पोरगं?’ त्यात वाईट हेतू नसतो, काळजीच असते. तरीही उत्तर सांभाळूनच द्यावे लागते. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पोचली, तर ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. आणि त्याच्याकडे पाहून बाकीचीही उघडत नाहीत. ‘थांब, तुला समुपदेशकाकडेच पाठवतो’ अशी धमकी ज्या शाळेत ऐकू येते, तिथे ते पद असून नसल्यासारखे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी घातली आहे. समुपदेशन ही त्या शिक्षेची सभ्य आवृत्ती होऊ नये.

मात्र ही गुप्तता अमर्याद नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल, त्याच्याकडून दुसऱ्याला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली असेल, तर गप्प बसता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक करते. ती दडवणे हा गुन्हा आहे. बालविवाहाची कुणकुण लागली, तर ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, हे ठाऊक हवे. म्हणून ‘कोणालाच सांगणार नाही, शप्पथ’ असे वचन कधी देऊ नये. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे पहिल्याच भेटीत मुलाला त्याच्या भाषेत सांगावे. तेलुगू बोलणाऱ्या पोरीला ते पुस्तकी मराठीत सांगून भागणार नाही.

समुपदेशक डॉक्टर नव्हे, हेही लक्षात ठेवावे. झोप उडालेल्या, जेवण टाकलेल्या, जगण्यात राम नाही असे बोलणाऱ्या मुलाला नुसता धीर देत बसू नये. घरच्यांना विश्वासात घेऊन त्याला शासकीय रुग्णालयात किंवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागात न्यावे. गावात देवऋषीकडे आधी नेण्याची रीत आहे; तिच्याशी भांडण्यात वेळ घालवण्यापेक्षा दवाखान्याची तारीख पक्की करावी.

परीक्षांच्या कसून तयारीच्या लातूर पॅटर्नने या भागातील असंख्य घरांत पहिला डॉक्टर दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खोली करून एकट्याने राहणारे, वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा पुन्हा देणारे सतरा-अठरा वर्षांचे मूल रविवारच्या चाचणीत मागे पडले की कोणाशी बोलते? विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत, शिकवणी वर्गांतसुद्धा, किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे त्यांत म्हटले आहे.

जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेला ही दुसरी सूचनाच लागू पडते. तिथे वर्गशिक्षकच पहिला ऐकणारा असतो आणि पुष्कळदा शेवटचाही. अशा शिक्षकांना आमची विनंती आहे की सिद्धान्त सवडीने वाचा. आज टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ आणि बालसाहाय्याचा १०९८ हे दोन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.