पिसुर्लेकर, पांडुरंग सखाराम

(३० मे १८९४–१० जुलै १९६९). गोव्यातील इतिहाससंशोधक, पोर्तुगीज दप्तरांचे अभ्यासक व अभिलेखपाल. पोर्तुगीज वसाहतीचा आणि तिच्या मराठ्यांशी झालेल्या राजकीय व्यवहाराचा इतिहास त्यांनी मूळ कागदांवरून लिहिला. जन्म सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावी. आरंभी प्राथमिक शिक्षक. पोर्तुगीज, मराठी आणि मोडी या तिन्हींवर त्यांचे प्रभुत्व होते. पोर्तुगीज जाणणारे अभ्यासक त्यांच्या आधीही होते आणि मोडी वाचणारे पुण्यात पुष्कळ होते. एकाच प्रसंगाचे दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवून वाचणारे मात्र फार थोडे.

गोव्यातील ज्या दप्तरखान्यात त्यांनी हयात घालवली त्याची स्थापना १५९५ ची. पहिला दप्तरदार दियोगु दु कोतु हा स्वतः इतिहासकार होता. लिस्बनहून वार्षिक जहाजांबरोबर येणारी आज्ञापत्रे व त्यांची गोव्याहून गेलेली उत्तरे ‘मान्सूनच्या पुस्तकां’त बांधली जात. शेजारच्या राजांना पाठवलेल्या पत्रांची, तहांची, गुप्त खलित्यांची पुस्तके निराळी असत. १७७७ मध्ये मान्सूनच्या पुस्तकांपैकी ६२ खंड लिस्बनला हलवण्यात आले. त्यामुळे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धाचा शोध घेणाऱ्याला आजही दोन देशांत फिरावे लागते. एकोणिसाव्या शतकात कुन्या रिव्हारा यांनी यातील बरेच कागद छापले. पिसुर्लेकरांकडे १९३० च्या दशकाच्या आरंभी या संग्रहाची सूत्रे आली आणि १९६१ पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. १९५५ मध्ये त्यांनी संग्रहाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. वरवर पाहता ते कारकुनी काम. पण ती नसती तर पुढच्या अभ्यासकांची वर्षे नुसती कपाटे धुंडाळण्यात गेली असती.

त्यांचे सर्वांत मोठे संपादन म्हणजे गोव्याच्या राज्यसभेचे ठराव (५ खंड, १९५३–५७). १६१८ ते १७५० या काळात व्हाइसरॉय आणि त्याचे सल्लागार बंद दाराआड काय बोलले, कोण तहाच्या बाजूचा होता, कोणाला लढाई हवी होती, हे त्यात सभागणिक नोंदलेले आहे. १६८३ मध्ये संभाजी महाराजांची फौज जुवे बेटावर उतरली तेव्हाची गोव्याची गाळण बखरीपेक्षा या रुक्ष इतिवृत्तांतून अधिक स्पष्ट समजते. किल्ल्यांच्या कारभाराचे नियमही त्यांनी १९५१ मध्ये संपादित केले.

स्वतंत्र लेखनात ‘भारतातील पोर्तुगीज राजनयाचे हस्तक’ (मूळ पोर्तुगीज, १९५२) हा ग्रंथ सर्वांत मोलाचा मानावा लागेल. पोर्तुगीजांच्या वतीने देशी दरबारांत वाटाघाटी करणारे बरेचसे लोक पोर्तुगीज नव्हतेच. ते हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी होते. गोव्याचे शेणवी त्यांत ठळक. शिवाजी महाराजांच्या बारदेशवरील स्वारीनंतर डिसेंबर १६६७ मध्ये जो तह झाला, त्या सुमाराच्या बोलाचालीत रामाजी शेणवी कोठारी दिसतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांच्या दरबारी नारायण विठ्ठल धुमे होते. वसाहतीच्या इतिहासात एरवी तळटीपेत राहणारी ही माणसे पिसुर्लेकरांनी मजकुरात आणली. मात्र याच पोर्तुगीज सत्तेखाली हिंदूंची देवळे पडत असता ही घराणी दरबारचे काम का करीत राहिली, या प्रश्नाच्या खोलात हा ग्रंथ जात नाही. लेखक त्याच राजवटीचा नोकर होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

मराठे-पोर्तुगीज व्यवहाराच्या अशा जुन्या कागदांचे वजन किती असू शकते, हे एका खटल्याने दाखवून दिले. १७७२ मध्ये मराठी आरमाराने ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. भरपाईदाखल, डिसेंबर १७७९ च्या तहानुसार, दमणलगतची वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना द्यायचे ठरले. १७८३ व १७८५ च्या सनदांनी दादरा-नगरहवेलीची गावे त्यांच्याकडे गेली. १९५४ मध्ये तेथील पोर्तुगीज सत्ता उलथली, तेव्हा दमणहून तिकडे जाण्याची वाट मिळावी म्हणून पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा मराठी कागद तिथे पुराव्यात आला. पेशव्यांनी सार्वभौमत्व दिले की केवळ सरंजाम? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांनी दिला तो फक्त महसुलाचा हक्क, असे मानले. पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांचे स्वामित्व मान्य झाले आणि खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्या ये-जा करण्याच्या वाटेचा हक्कही रूढ झाला, हे त्याने स्वीकारले. सैन्य व सशस्त्र पोलिसांना तो नाकारला आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, असा निर्वाळा दिला.

‘पोर्तुगीज आणि मराठे’ ही त्यांची लेखमाला १९२६ पासून गोव्यातील वास्को द गामा संस्थेच्या पत्रिकेत आली. मराठीत हा विषय त्यांनी ‘पोर्तुगेज–मराठे संबंध’ या ग्रंथात मांडला. तो पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रकाशित केला. कागद बोलू द्यायचा आणि आपण मागे राहायचे, ही त्यांची रीत. त्यामुळे ग्रंथ विश्वसनीय झाले, वाचनीय झाले असे म्हणवत नाही. पानेच्या पाने उतारे येतात आणि त्यांतून सूत्र काढण्याचे काम वाचकावर पडते. शेतकरी, गावकरी, स्त्रिया यांना या इतिहासात जवळपास जागा नाही.

त्यांच्या संग्रहातील दुर्मिळ पुस्तके गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘पिसुर्लेकर संग्रह’ म्हणून जपली आहेत, तर ज्या मूळ दप्तरांवर त्यांनी काम केले ती पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे आहेत. पोर्तुगीज न जाणणाऱ्या मराठी अभ्यासकाने आरंभ १९६७ च्या ग्रंथापासून करावा.