सँडब्लास्टिंग : जुन्या मोटारींचे गंजनिवारण (दोडामार्ग परिसर)

सँडब्लास्टिंग : दाबाखालील हवेच्या झोताबरोबर कठीण कण वेगाने फेकून धातूवरचा गंज, जुना रंग व मळ काढण्याची पद्धत. जहाजबांधणी, पूल, पाइपलाइन व ओतकाम या उद्योगांत ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. जुनी मोटार घरच्या घरी पुन्हा उभी करणारे हौशी लोकही तिचा आधार घेतात, कारण पत्र्याच्या खळग्यांत, सांध्यांत आणि रिव्हेटांभोवती जिथे वायर ब्रश किंवा ग्राइंडर पोहोचत नाही तिथे हा झोत पोहोचतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा दोडामार्ग तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी, गोवा व कर्नाटकाच्या सीमांना लागून आहे. तेथील दमट हवेत या कामाचे यश दोन गोष्टींवर ठरते : कोणते कण वापरले आणि उघडा पडलेला पत्रा किती लवकर झाकला.

इतिहास : या पद्धतीचे पहिले पेटंट अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे बेंजामिन च्यू टिलमन यांना १८७० मध्ये मिळाले. वाफेच्या किंवा हवेच्या झोताने वाळू फेकून काच व दगड कोरणे, कठीण पदार्थ कापणे व घासणे हा त्यांचा मूळ हेतू होता. पुढे ओतशाळांतील कास्टिंग साफ करण्यासाठी पद्धत रुळली आणि तिच्याबरोबर कामगारांच्या फुप्फुसांचा आजारही पसरला. ब्रिटनमध्ये कास्टिंग साफ करण्यासाठी वाळू वापरण्यावर १९५० पासून बंदी आली. तेव्हापासून जगभर वाळूची जागा गार्नेट, ॲल्युमिना, पोलादी कण, तांब्याच्या भट्टीतील मळी, काचेचे मणी अशा पर्यायांनी हळूहळू घेतली.

गंज आणि स्थानिक हवामान : लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग वाढू लागतो आणि ८० टक्क्यांनंतर तो फार वाढतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडी उभ्या जागी गंजत राहते. पाऊस सरल्यावरही तिळारीच्या खोऱ्यात पहाटेचे दव पत्र्यावर साचते. जांभ्याची तांबडी माती चासीच्या पोकळ भागांत आणि मडगार्डच्या दुमडीत जाऊन बसते व ओल धरून ठेवते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्याने दोन पत्र्यांमधला सांधा आतून फुगतो. बाहेरून रंगाचा लहान फोड दिसतो, त्याखाली पत्रा चाळणीसारखा झालेला असतो. दाराखालचा उंबरा, पायाखालचा तळपत्रा, डिकीचा तळ, बॅटरीखालचा भाग आणि पुढच्या काचेखालची पन्हळ या जागा आधी जातात.

परिसरातील जुन्या गाड्या : गंज कुठे आहे हे गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. महिंद्राने जोडणीपासून सुरुवात करून पुढे बनवलेल्या विलीज पद्धतीच्या जीपला वेगळी शिडीसारखी चासी असते. बॉडी उचलून चासी सुटी करता येते आणि तिचा पत्रा जाड असल्याने ती जोरदार झोत सहज सोसते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार झालेली पद्मिनी मात्र एकसंध बॉडीची गाडी आहे. फियाट ११०० या मूळ इटालियन गाडीवरून आलेले हे मॉडेल १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकले गेले. मुंबईच्या रस्त्यांवरची या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पद्मिनीत वेगळी चासी नसल्याने उंबऱ्याचा गंज हा शोभेचा नसून ताकदीचा प्रश्न ठरतो. अँबेसेडरलाही हेच लागू पडते. सीमेपलीकडे गोव्यात १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमदानीत आयात झालेल्या युरोपीय गाड्यांचा वारसा आहे, त्यामुळे म्हापसा, डिचोली, सावंतवाडी या पट्ट्यात जुन्या गाड्यांचे काम जाणणारे टिंकर आणि पेंटर यांची परंपरा टिकून आहे.

यंत्रसामग्री : कॉम्प्रेसर, कण भरायचा पॉट, पाणी अडवणारा फिल्टर, जाड होज आणि नोझल एवढी सामग्री लागते. बहुतेकांचा हिशेब कॉम्प्रेसरवर चुकतो. ३ मिमी नोझलला चौरस इंचाला ८० पौंड दाबावर मिनिटाला सुमारे १७ घनफूट हवा लागते. ६ मिमी नोझलला साधारण चौपट, म्हणजे ६८ घनफूट. एका अश्वशक्तीमागे ढोबळमानाने साडेतीन ते चार घनफूट हवा मिळते. म्हणजे लहान नोझललाही पाच अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर हवा, आणि घरगुती सिंगल फेज जोडणीवर एवढी मोटर चालवणे कठीण जाते. टायरमध्ये हवा भरण्याचा लहान कॉम्प्रेसर काही सेकंदांत दमतो. दुसरी अडचण पाण्याची. दमट हवा दाबली की तिच्यातील पाणी सुटते, कण ओले होऊन पॉटमध्ये गोळा बसतो आणि तेच पाणी नुकत्याच साफ झालेल्या पत्र्यावर उडते. म्हणून कोकणात पाणी अडवणारा फिल्टर ही ऐच्छिक वस्तू मानता येत नाही.

घाट चढून गेल्यावर कोल्हापूर आणि बेळगाव येथे ओतकामाचा मोठा उद्योग आहे आणि तिथे शॉट ब्लास्टिंगची यंत्रे आहेत. चासी, ॲक्सलचे भाग, चाकांच्या रिम अशा जाड वस्तू तिथून साफ करून आणता येतात. बोनेट, दार, छप्पर हे पातळ भाग त्या यंत्रांत मुळीच देऊ नयेत.

घर्षक कण : कण किती कठीण, किती बारीक आणि किती दाबाने मारायचा हे पत्र्याच्या जाडीवरून ठरते. बॉडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्यासाठी ८० ते १२० मेशचे बारीक गार्नेट ३० ते ४५ पौंड दाबाने पुरते. गार्नेटची मोह कठिनता सुमारे ७ ते ७.५ असून त्यात मुक्त सिलिका अत्यल्प असते. भारतात ते मुख्यतः तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूतून वेगळे करतात. ९ कठिनतेचे ॲल्युमिना जलद कापते, पण ते जाड भागांसाठीच ठीक. काचेचे मणी ॲल्युमिनियमचे भाग आणि कार्ब्युरेटरची बॉडी यांना चालतात. अक्रोडाच्या कवचाचा भुगा रंग काढतो, गंज काढत नाही. खाण्याच्या सोड्याचा झोत सौम्य असतो, मात्र मागे राहणारा अल्कधर्मी थर नीट धुतला नाही तर प्राइमर धरत नाही. दोडामार्गात काजूची टरफले मुबलक असली तरी त्यांचा भुगा या कामी वापरू नये : टरफलातील तेल कातडीवर फोड आणते आणि पत्र्यावर तेलकट थर सोडते.

वाळू का नको : जिल्ह्यात वाळू हाताशी आहे. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. काच व ओतकाम उद्योगाला अशी वाळू लागते. खाड्यांतून बांधकामाची वाळू निघते. स्वस्तात मिळते म्हणून ती पॉटमध्ये भरण्याचा मोह होतो. खाडीच्या वाळूतील मीठ पत्र्याच्या सूक्ष्म खळग्यांत रुतते आणि रंगाखाली पुन्हा गंज सुरू करते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की आपटून फुटलेल्या क्वार्ट्‌झच्या कणांची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही, काम थांबवल्यावरही तो वाढू शकतो आणि क्षयरोगाचा धोका वाढवतो. तुर्कस्तानात जीन्सच्या कापडावर वाळूचा झोत मारणारे तरुण कामगार या आजाराने दगावले आणि २००९ मध्ये त्या देशाने ती पद्धत बंद केली. भारतात कारखान्यांतील सिलिकोसिसची सूचना देणे कायद्याने बंधनकारक आहे. घराचे खळे किंवा बागेतला मांगर म्हणजे कारखाना नव्हे, तिथे तपासनीस येत नाही. म्हणूनच नोझल धरणाऱ्या मदतनिसाच्या श्वासाची जबाबदारी पूर्णपणे गाडीमालकावर पडते.

संरक्षण : नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क पुरत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे शिरस्त्राण हवे, आणि ती हवा तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून गाळल्याशिवाय घेऊ नये. नोझलचा आवाज १०० डेसिबलांच्या वर जातो, म्हणून कानांना मफ लागतात. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. त्यामुळे चारी बाजूंनी ताडपत्री बांधावी, पडलेला चुरा गोळा करून बंद पिशवीत ठेवावा आणि विहीर, गोठा व परसबाग यांपासून काम दूर ठेवावे. मुले व गुरे आसपास नसावीत. होजमध्ये स्थिर विद्युत साचते, म्हणून तिला अर्थिंग द्यावे. पेट्रोलची टाकी आधीच काढून वेगळी ठेवावी आणि तिच्यावर झोत कधीही मारू नये.

कामाचा क्रम : प्रथम इंजिन, वायरिंग, काचा, रबर, ब्रेकचे भाग आणि क्रोमच्या पट्ट्या काढतात. बेअरिंगमध्ये शिरलेला एक कणही पुढे ते खाऊन टाकतो, त्यामुळे काढता न येणारी छिद्रे बुचांनी बंद करतात. नंतर तेल व ग्रीस सॉल्व्हंटने पुसतात. हा टप्पा वगळला तर झोत ग्रीस पत्र्यात ठोकून बसवतो. लांबीचा (पुट्टीचा) जाड थर छिन्नीने आधीच उतरवतात. नोझल सुमारे एक फूट अंतरावर, ४५ अंश किंवा त्याहून कमी तिरके धरून सतत हलते ठेवतात. पत्रा वाकतो तो मुख्यतः एका बाजूवर बसणाऱ्या असंख्य ठोक्यांनी ताणल्यामुळे, म्हणून बोनेटसारख्या सपाट भागावर एका जागी थांबणे धोक्याचे. अनुभवी कारागीर अशा भागांच्या फक्त कडा झोताने करतात आणि मधला भाग हाताने घासतात. झोत कुजलेल्या जागी पत्रा भेदून जातो. ते नुकसान मानू नये, कारण तिथे नवा पत्रा जोडणे आवश्यकच होते.

स्वच्छतेची पातळी आंतरराष्ट्रीय प्रमाण ८५०१-१ नुसार ठरवतात. ‘एसए अडीच’ या श्रेणीत पत्रा जवळजवळ पांढरा दिसतो आणि फक्त फिकट डाग उरतात. गाडीच्या कामाला हीच पातळी योग्य समजतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा २५ ते ४० मायक्रॉन असला की प्राइमर घट्ट धरतो.

झोतानंतरचे तास : साफ झालेला पत्रा अत्यंत नाजूक अवस्थेत असतो. दमट दिवशी काही तासांत त्यावर नारिंगी झाक येते. रंगकामाचा सर्वमान्य नियम असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस वर असावे आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या थोडा वर येतो. सावलीतला पत्रा या कसोटीत उतरत नाही. तीच आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू २१ अंशांच्या आसपास राहतो आणि काम निर्धास्त होते. म्हणून दोडामार्गात हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, दव उडाल्यावर सकाळी दहानंतर सुरू करून चारच्या आत प्राइमर मारून संपवावे. आगोठीच्या घाईत, मृगाच्या तोंडावर ते काढू नये. एका दिवसात जेवढा भाग झाकता येईल तेवढाच उघडावा. पत्र्याला उघड्या हाताने शिवू नये, कारण घामातील मीठ तिथेच गंजाचे बीज पेरते.

प्राइमर दोन घटकांचा इपॉक्सी असावा. गॅरेजमध्ये सर्रास वापरला जाणारा साधा रेड ऑक्साइड पाणी आत जाऊ देतो; एकटा तो कोकणातील पावसाळा सोसत नाही. इपॉक्सीच्या काही हार्डनरांचा कच्चा माल काजूच्या टरफलातील तेलापासून मिळणारा कार्डानॉल हा आहे आणि हे हार्डनर ओलसर हवेतही चांगले जमतात. झोतासाठी निरुपयोगी असलेले टरफल अशा प्रकारे गंजापासून संरक्षणाच्या कामी येते. चासीच्या पोकळ नळ्या व उंबऱ्यांत शेवटी मेण फवारतात आणि पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवतात.

पर्याय : लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बॅटरी चार्जरने विद्युत अपघटन करता येते, त्यात स्टेनलेस स्टीलचा धनाग्र वापरू नये, कारण विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात. फॉस्फरिक आम्लाची द्रावणे हलका गंज बांधून टाकतात. पाणीमिश्रित झोताने धूळ बरीच कमी होते, पण पत्रा लगेच ओला होत असल्याने गंजरोधक द्रव्य मिसळावे लागते.

नोंदणी : केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ मालिकेतील वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षांसाठी असते. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी अट आहे. म्हणून जास्तीत जास्त मूळ पत्रा वाचवणे हे कायद्याच्या दृष्टीनेही हिताचे आहे. ठोकलेला चासी क्रमांक झोताने पुसट झाला तर गाडीची ओळखच संशयात येते. काम सुरू करण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यावर जाड रबराची पट्टी घट्ट बसवावी.

मूल्यमापन : पन्नास वर्षांपूर्वीचा पत्रा वाचवण्याची ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे, पण ती घाई आणि काटकसर दोन्ही सहन करत नाही. गाडीसाठी कोणाचे फुप्फुस पणाला लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. घरी हे काम हाती घेणाऱ्याने पॉटमध्ये वाळू भरू नये आणि प्राइमर तयार नसेल तर कॉम्प्रेसर सुरू करू नये.