मायक्रोस्कोपच्या फोटोतले कण कसे मोजायचे? इमेजजे सॉफ्टवेअरची सोपी ओळख



मागच्या वर्षी एका गुरुवारी रात्री साडेदहाला माझ्या मामेबहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "दादा, रताळ्याचे कण बटाट्यापेक्षा मोठे आलेत. मॅडम म्हणाल्या, असं होणारच नाही, परत तपासा. आणि सोमवारी सबमिशन आहे."

ती बीएस्सी बॉटनीला आहे. तिचा प्रोजेक्ट साधा होता: बटाटा आणि रताळं यांच्यातल्या स्टार्चच्या कणांचा आकार मोजायचा आणि तुलना करायची. बटाट्याचे कण मोठे असतात, काही तर १०० मायक्रोमीटरपर्यंत जातात. १ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमचं उत्तर नेमकं उलटं आलं होतं. आणि ते मोजून दिलं होतं मी! वर "सॉफ्टवेअरने मोजलंय, चुकणार कसं?" असंही मीच सांगितलं होतं.

चूक कुठे झाली ते पुढे येईलच. त्यासाठी आधी हे मोजमाप कसं चालतं ते समजून घेऊया.

इमेजजे म्हणजे काय?

इमेजजे हे फोटोचं विश्लेषण करणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेत वेन रॅसबँड यांनी १९८७ मध्ये मॅकिन्टॉश कॉम्प्युटरसाठी 'एनआयएच इमेज' नावाचा प्रोग्राम सुरू केला. मग १९९७ मध्ये त्यांनी जावा भाषेत इमेजजे लिहिलं, त्यामुळे ते विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. त्याचीच 'फिजी' नावाची एक आवृत्ती आहे. तिच्यात बरेच प्लगिन आधीपासून घातलेले असतात, म्हणून नवशिक्यांनी फिजीच घ्यावं.

मोबाइलवर चालेल का? ब्राउझरमध्ये उघडणारी 'इमेजजे.जेएस' नावाची आवृत्ती आहे. पण मेन्यू इतके बारीक की बोटाने दाबताना जीव जातो. फोटो मोबाइलवर काढा, मोजणी लॅपटॉपवर करा.

पायरी १: फोटो नीट काढा

आयपीसला मोबाइल लावून काढलेला फोटोही चालतो, पण काही पथ्यं पाळा:

- झूम एकदा ठरवला की शेवटच्या फोटोपर्यंत बदलायचा नाही. बऱ्याच फोनमध्ये झूम बदलला की लेन्सच बदलते, आणि ते आपल्याला कळतही नाही.
- ऑब्जेक्टिव्ह तोच ठेवा. उजेड सगळीकडे सारखा पडू द्या.
- आयोडीन पातळ करून वापरा. फार गडद झालं की आजूबाजूचं पाणीही रंगलेलं दिसतं.
- कण विरळ पसरवा. एकावर एक चढलेले कण कुठलंच सॉफ्टवेअर धड वेगळे करू शकत नाही.
- त्याच सेटिंगवर स्टेज मायक्रोमीटरचा एक फोटो काढा. ही काचपट्टी कॉलेजच्या लॅबमध्ये सहसा असते. तिच्यावर १ मिलिमीटरचे १०० भाग आखलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा.

पायरी २: पिक्सेलला मायक्रोमीटर शिकवा

सॉफ्टवेअरला फक्त पिक्सेल कळतात. एक पिक्सेल म्हणजे खऱ्या जगात किती, हे आपणच सांगायचं असतं.

स्टेज मायक्रोमीटरचा फोटो उघडा. सरळ रेषेचं टूल घेऊन १० भागांवर, म्हणजे १०० मायक्रोमीटरवर, रेष ओढा. मग 'अ‍ॅनालाइझ > सेट स्केल' उघडा आणि 'नोन डिस्टन्स'मध्ये १००, 'युनिट'मध्ये मायक्रोमीटर भरा. समजा रेष ५०० पिक्सेलची आली, तर तुमचं स्केल झालं १ मायक्रोमीटरला ५ पिक्सेल.

खाली 'ग्लोबल' नावाची टिक आहे. ती केली की हेच स्केल त्यानंतर उघडलेल्या प्रत्येक फोटोला लागतं. सोय मोठी आहे, पण आमचा घात इथेच झाला. थोडं थांबा.

पायरी ३: रंग काढा, पार्श्वभूमी सपाट करा

'इमेज > टाइप > ८-बिट' केलं की फोटो करड्या रंगात येतो. आता प्रत्येक पिक्सेल म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा: ० काळा, २५५ पांढरा.

फोटोचा एक कोपरा अंधारा असेल तर 'प्रोसेस > सबट्रॅक्ट बॅकग्राउंड' वापरा. तिथे 'रोलिंग बॉल'ची त्रिज्या विचारतात. ती तुमच्या सगळ्यात मोठ्या कणापेक्षा मोठी द्या, नाहीतर कणच पार्श्वभूमी समजून पुसट होतील. पाठीमागचा भाग उजळ असेल तर 'लाइट बॅकग्राउंड'ची टिक करा.

पायरी ४: थ्रेशोल्ड, म्हणजे खरा निर्णय

'इमेज > अ‍ॅडजस्ट > थ्रेशोल्ड'. इथे तुम्ही ठरवता की कुठल्या आकड्यापर्यंत कण आणि कुठून पुढे पार्श्वभूमी.

हे समजायला उजनी धरण डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं, जमिनीचे उंचवटे दिसू लागतात. आता कुणी विचारलं की धरणात बेटं किती, तर उत्तर काय? पाणी किती आहे त्यावर! पातळी उतरली की नवी बेटं उगवतात, आणि आणखी उतरली की दोन बेटं जोडून एक होतं. थ्रेशोल्ड म्हणजे ही पाण्याची पातळी. पट्टी थोडी सरकवली की कणांची संख्याही बदलते आणि आकारही.

म्हणून पट्टी डोळ्यांच्या अंदाजाने प्रत्येक फोटोत वेगळी सरकवू नका. 'ऑटो' पद्धतींपैकी एक निवडा आणि सगळ्या फोटोंना तीच लावा. 'ओत्सु' ही पद्धत खूप वापरली जाते. नोबुयुकी ओत्सु या जपानी संशोधकाने ती १९७९ मध्ये मांडली. पिक्सेलचे दोन गट असे पाडायचे की प्रत्येक गटाच्या आतला फरक कमीत कमी राहील, अशी तिची कल्पना. आपले कण गडद आणि मागचा भाग उजळ, त्यामुळे 'डार्क बॅकग्राउंड'ची टिक काढून टाका. ही टिक चुकली की टेबलात कधी कधी एकच प्रचंड कण येतो. तो कण नसून अख्खी पार्श्वभूमी असते!

पायरी ५: चिकटलेले कण सोडवा

'अप्लाय' दाबलं की फोटो निव्वळ काळा-पांढरा होतो. कणाच्या मध्यभागी उजळ ठिपका राहून भोक पडलं असेल तर आधी 'प्रोसेस > बायनरी > फिल होल्स'. मग त्याच मेन्यूतलं 'वॉटरशेड'. हे एकमेकांना टेकलेल्या कणांमध्ये बारीक रेघ मारून ते वेगळे करतं.

गोलसर कणांवर वॉटरशेड छान चालतं. लांबट किंवा वेड्यावाकड्या कणाचे मात्र ते उगाचच दोन तुकडे करतं. बटाट्याचे मोठे कण अंडाकृती असतात, त्यामुळे वॉटरशेडनंतर फोटो मोठा करून बघाच.

पायरी ६: मोजा

'अ‍ॅनालाइझ > सेट मेझरमेंट्स'मध्ये काय मोजायचं ते निवडा: एरिया, फेरेट डायमीटर (कणाची सगळ्यात मोठी लांबी) आणि शेप डिस्क्रिप्टर्स. मग 'अ‍ॅनालाइझ > अ‍ॅनालाइझ पार्टिकल्स'. इथे तीन गोष्टी महत्त्वाच्या:

- साइझ: यापेक्षा लहान ते सोडून द्या, अशी मर्यादा. धूळ आणि एकटे-दुकटे पिक्सेल यातून गळतात. लक्षात ठेवा, स्केल दिलेलं असेल तर इथला आकडा क्षेत्रफळाचा असतो, म्हणजे चौरस मायक्रोमीटरमध्ये.
- सर्क्युलॅरिटी: ४ × पाय × क्षेत्रफळ भागिले परिघाचा वर्ग. पूर्ण गोल म्हणजे १, लांबट काडी म्हणजे ० च्या जवळ. धागे आणि कचरा वगळायला उपयोगी.
- एक्सक्लूड ऑन एजेस: फोटोच्या कडेला कापले गेलेले कण सोडून देतं. आकार मोजताना हे हवंच, कारण अर्धवट कणाचं माप खोटं. पण मोठे कण कडेला जास्त वेळा कापले जातात, त्यामुळे तेच जास्त गळतात हेही ध्यानात ठेवा. फक्त संख्या हवी असेल तर जुनी रीत चांगली: वरच्या आणि डाव्या कडेचे धरायचे, खालच्या आणि उजव्या कडेचे सोडायचे.

'शो'मध्ये 'आउटलाइन्स' निवडा. प्रत्येक कणाची बाह्यरेखा आणि नंबर दिसतो. टेबल सीएसव्ही फाइल म्हणून सेव्ह करा, ते एक्सेलमध्ये उघडतं.

मग आमचं कुठे चुकलं?

त्या रात्री मी सगळ्या पायऱ्या परत तपासल्या. थ्रेशोल्ड तोच, वॉटरशेड ठीक, साइझची मर्यादाही बरोबर. शेवटी सहज नजर गेली ती फोटोच्या खिडकीत वरच्या बाजूला असलेल्या बारीक ओळीवर. तिथे फोटोची खरी लांबी-रुंदी आणि कंसात पिक्सेल लिहिलेले असतात.

रताळ्याच्या फोटोवर होतं: ८०० × ६०० मायक्रोमीटर, ४००० × ३००० पिक्सेल. बटाट्याच्या फोटोवर: ३२० × २४० मायक्रोमीटर, १६०० × १२०० पिक्सेल.

मायक्रोस्कोप तोच, ऑब्जेक्टिव्ह तोच, फोन तोच. मग दिसणारं क्षेत्र लहान कसं होईल?

बहिणीला विचारलं. बटाट्याचे फोटो तिने प्रोजेक्ट पार्टनरला मेसेजिंग अ‍ॅपवर पाठवले होते. नंतर फोनची मेमरी भरली, म्हणून मूळ फोटो डिलीट केले आणि मला पाठवले ते अ‍ॅपमधून परत घेतलेले. अ‍ॅपने पाठवताना फोटो २.५ पट लहान केला होता. आणि मी 'ग्लोबल' टिक करून सगळ्यांना एकच स्केल लावून मोकळा!

परिणाम बघा. ३५ मायक्रोमीटरचा कण मोजला गेला १४ मायक्रोमीटरचा. क्षेत्रफळ तर २.५ गुणिले २.५, म्हणजे ६.२५ पट कमी. त्यात लहान कण साइझच्या मर्यादेखाली जाऊन गायबच झाले, म्हणजे संख्याही चुकली. आणि सॉफ्टवेअरने एक शब्द काढला नाही. दशांश चिन्हानंतर तीन आकडे देऊन टेबल समोर ठेवलं.

स्केल २.५ ने भागून आकडे दुरुस्त करता आले असते. पण फोटो लहान होताना आणि जेपीजीमध्ये परत दाबला जाताना कणांच्या कडा पुसट होतात, त्यामुळे थ्रेशोल्डही बदलतो. एक गट मूळ फोटोंचा आणि दुसरा दाबलेल्या फोटोंचा, अशी तुलना मला पटेना. तिलाही नाही. शुक्रवारी ती लॅबमध्ये गेली, बटाटा आणि रताळं दोन्हीच्या स्लाइड नव्याने केल्या, मायक्रोमीटरचाही फोटो परत काढला आणि सगळं केबलने लॅपटॉपवर घेतलं. शनिवारी रात्री टेबल तयार होतं. बटाटा मोठा!

तुम्ही हे करा

- फोटो केबलने घ्या. अ‍ॅपवरून पाठवायचेच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल काम संपेपर्यंत डिलीट करू नका.
- प्रत्येक फोटो उघडल्यावर वरची ओळ वाचा. पिक्सेलची संख्या सगळीकडे सारखी आहे ना?
- निदान तीन फोटोंमधले कण 'मल्टी-पॉइंट' टूलने स्वतः टिचक्या मारत मोजा आणि सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर आउटलाइन्समध्ये कारण सापडतं.
- 'प्लगिन्स > मॅक्रोज > रेकॉर्ड' चालू ठेवा. तुम्ही केलेली प्रत्येक क्रिया तिथे लिहिली जाते. तोच मॅक्रो सगळ्या फोटोंवर चालवला की सगळ्यांना सारखाच नियम लागतो.
- रिपोर्टमध्ये स्केल, थ्रेशोल्डची पद्धत, साइझ आणि सर्क्युलॅरिटीची मर्यादा लिहा. या चार गोष्टींशिवाय कणांच्या संख्येला अर्थ नाही.

सरावासाठी 'फाइल > ओपन सॅम्पल्स > ब्लॉब्स' उघडा. एकदा वॉटरशेड करून मोजा, एकदा न करता, आणि थ्रेशोल्डची पट्टी थोडी सरकवून पुन्हा मोजा. फोटो तोच, आणि तरी उत्तरं वेगळी. त्यातलं कुठलं का घेतलं, हे सांगता आलं की मोजणी जमली म्हणायची.

त्या मॅडमनी मात्र आकडा बघताक्षणी चूक ओळखली होती, कारण बटाट्याचा कण केवढा असतो हे त्यांना माहीत होतं. मला जावा येत होती, बटाटा येत नव्हता!