चागोस : बेटे कोणाची, हा प्रश्न अर्धाच आहे

मॉरिशस म्हटले की आपल्याला कोकणातून मजूर म्हणून गेलेली आणि आजही मराठी म्हणवणारी कुटुंबे आठवतात. या मॉरिशसने २२ मे २०२५ रोजी ब्रिटनशी चागोस बेटांचा करार केला. भारत सरकारने स्वागत केले. आपल्यातल्याही अनेकांनी वसाहतवाद हरला म्हणून आनंद व्यक्त केला. माझा आनंद अर्धा आहे.

मालदीवच्या दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवर, भर हिंदी महासागरात ही साठेक प्रवाळ बेटे आहेत. सगळी जमीन एकत्र केली तरी साठ चौरस किलोमीटरच्या आसपास; आपला धर्माबाद तालुका याहून कितीतरी मोठा. त्यातली निम्मी जमीन एकट्या डिएगो गार्सिया बेटाची. मॉरिशस तिथून दोन हजार किलोमीटरहून दूर.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी नारळाच्या बागांसाठी आफ्रिका आणि मादागास्करचे गुलाम तिथे नेले. १८१४ मध्ये बेटे इंग्रजांकडे आली. १८३५ मध्ये मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली, पुढे काही भारतीय मजूरही या बेटांवर पोहोचले. पिढ्यान्‌पिढ्या नारळ फोडून, खोबरे वाळवून, तेल काढून या लोकांनी तिथे संसार थाटले. चर्च बांधले, स्मशाने झाली. स्वतःची क्रिओल बोली घडली. जमिनीचा कागद मात्र कोणाच्याच नावावर नव्हता. मालक कंपनी, बाकी सगळे मजूर.

अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधीच, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, ब्रिटनने चागोस तोडून वेगळी वसाहत केली आणि मॉरिशसच्या हातावर तीस लाख पौंड ठेवले. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९६० च्या ठरावातच वसाहतीचे असे तुकडे पाडण्याला विरोध नोंदवला होता. अडचण एकच होती, तिथे माणसे राहत होती. कायमची प्रजा आहे असे मान्य केले तर संयुक्त राष्ट्रांपुढे जाब द्यावा लागला असता. म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कागदोपत्री त्यांना तात्पुरते कंत्राटी मजूर ठरवले. १९६६ च्या एका सरकारी टिपणीत तर पक्ष्यांबरोबर काही ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ही जातील, अशी थट्टा आहे. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार लोकांना हलवले. उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोटच मिळेना. १९७१ मध्ये त्यांची पाळीव कुत्री गॅसने मारली. १९८२ मध्ये नुकसानभरपाई देताना इंग्रजी कागदांवर अंगठे घेतले. मजकूर काय, तर परतण्याचा हक्क सोडला.

मराठवाड्यात गायरानाच्या प्रश्नावर काम करणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. ब्रिटन चागोस तोडत होते त्याच सुमारास, ६ डिसेंबर १९६४ पासून, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू होता आणि लाखो माणसे तुरुंगात जात होती. आपल्या आजोबांनी माळ फोडून कसलेली जमीन दप्तरात आजही ‘अतिक्रमण’ असते. १४ एप्रिल १९९० पूर्वीचा ताबा दाखवा, पुरावा आणा. ज्याने कागद लिहायचा तो वेगळा आणि ज्याने घाम गाळला तो वेगळा, हे तिथेही आणि इथेही.

पुढची लढाई मोठी आहे. २००० मध्ये ऑलिव्हिए बँकू यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात विजय मिळवला. २००४ मध्ये ब्रिटनने राणीच्या आदेशाने संसदेला वळसा घालून परतीचा रस्ता पुन्हा बंद केला. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने ३ विरुद्ध २ ने तो आदेश वैध ठरवला. २०१० मध्ये सरकारने समुद्री अभयारण्य जाहीर केले. मासे वाचवायचे, माणसे नकोत! २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सांगितले, की चागोस तोडणे बेकायदेशीर होते. त्याच मे महिन्यात महासभेत ११६ देशांनी ब्रिटनविरुद्ध मत दिले. विरोधात फक्त ६.

तरी २०२५ चा करार काय म्हणतो? सार्वभौमत्व मॉरिशसचे, डिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षे भाड्याने ब्रिटनकडे, म्हणजे तळ जागच्या जागी. भाडे सरासरी वर्षाला सुमारे १०.१ कोटी पौंड, तेही मॉरिशस सरकारला. इतर बेटांवर वस्ती करायची की नाही, हे मॉरिशस ठरवणार. चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी आहे, पण वाटाघाटीच्या टेबलावर त्यांना खुर्ची नव्हती. बँकू यांचा गट कराराच्या बाजूने आहे, ब्रिटनमधले अनेक चागोसवासी विरोधात. दोन्ही मते समजून घेण्यासारखी आहेत. सहीच्या दिवशी पहाटे डिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन महिलांनी लंडनच्या न्यायालयातून स्थगिती आणली. दुपारपर्यंत ती उठली आणि सही झाली.

गोलमेज परिषदेत बाबासाहेब हेच विचारत होते : इंग्रजांकडून सत्ता जाणार ती कोणाच्या हातात? १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथातही देश स्वतंत्र होणे आणि त्यातली माणसे स्वतंत्र होणे यातला फरक त्यांनी मांडला. तेव्हा त्यांना इंग्रजधार्जिणे म्हटले गेले. आज चागोसच्या ज्या स्त्रिया मॉरिशसवर विश्वास ठेवत नाहीत, त्यांनाही तोच शिक्का लागतो. पोर्ट लुईच्या झोपडपट्टीत ज्यांनी अर्धे आयुष्य हलकी माणसे म्हणून काढले, त्यांना झेंडा बदलल्याने गाव मिळेल का, हे विचारण्याचा अधिकार त्यांचाच आहे.