जुन्या पितळेचा सूर

जुने ते सोने ही म्हण ज्याने प्रथम केली, त्याच्यावर भांड्यांच्या दुकानात पितळ मोडीत घालण्याची पाळी आली नसावी. मोडीच्या काट्यावर जुने पितळ हे पितळच राहते. मात्र पितळेची एक वस्तू अशी आहे की, तिची किंमत वजनावर ठरत नाही, चकाकीवर ठरत नाही आणि नुसत्या वयावर तर मुळीच ठरत नाही. ती वस्तू म्हणजे सॅक्सोफोन. वरातीच्या बँडात गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेले, खाली वाकून पुन्हा तोंड वर काढणारे ते वाद्य वाचकांनी पाहिलेच असेल.

मी शाळामास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. वादन हा काही माझा प्रांत नव्हे. पण माझा एक जुना विद्यार्थी दिवसा कारखान्यात फिटरचे काम करतो आणि लग्नसराईत सुपाऱ्या मिळतील तशा सॅक्सोफोन वाजवतो. आजवर त्याचे काम उसन्या वाद्यावर भागत होते. ते मालकाने परत मागितले. तीन लग्नसरायांची शिल्लक त्याच्या डब्यात होती, आणि मुलीची फीही त्याच डब्यातून जायची होती. तो मला म्हणाला, "गुरुजी, नवा बाजा मला परवडायचा नाही. जुना घ्यायचा तर कोणत्या काळातला घ्यावा, एवढे पुस्तकात बघून सांगा." बाजारात जाण्याआधी इतिहासाकडे जाणारा गिऱ्हाईक विरळाच! त्याच्यासाठी जे वाचले, विचारले, ते येथे मांडतो.

अ‍ॅडॉल्फ सॅक्स १८१४ साली बेल्जममधल्या दिनाँ गावी जन्मला. बाप वाद्ये घडवणारा. मुलगा त्याच्याच कारखान्यात हात मळवून शिकला आणि १८४२ मध्ये पॅरिसला गेला. लाकडी क्लॅरिनेटची लवचिकता आणि पितळी वाद्याचा दणका एकाच नळीत आणावा, ही त्याची ईर्षा. त्याने क्लॅरिनेटसारखी एका रीडची चोच पितळी नळीला बसवली. ही रीड म्हणजे बोरूच्या जातीच्या काडीची पातळ पट्टी. खरी खुबी नळीच्या आकारात होती. ती सरळसोट नसून शंकूसारखी रुंदावत जाते. त्यामुळे खालच्या सप्तकात बोटे जशी पडतात, बहुतेक तशीच वरच्या सप्तकातही पडतात. क्लॅरिनेटला ही सोय नाही. दिवसभर कवायत करून संध्याकाळी बँड शिकणाऱ्या शिपायाला याहून दुसरे काय हवे होते? १८४६ साली सॅक्सला या वाद्याचे पेटंट मिळाले.

परंतु यश आणि पैसा यांचे गोत्र एक नसते. प्रतिस्पर्धी कारखानदारांनी त्याला वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्यांत गुंतवले. १८५२, १८७३ आणि १८७७ अशी तीनदा त्याची दिवाळखोरी जाहीर झाली. १८७७ मध्ये तर त्याने हौसेने जमवलेल्या वाद्यांचा संग्रहही लिलावात गेला. १८९४ साली तो वारला. सॅक्सोफोनच्या जनकाचीच वाद्ये अशी हस्ते परहस्ते विकली गेली. मग जुने वाद्य घेणाऱ्याने शरमावे कशाला?

१८६६ मध्ये पेटंटची मुदत सरली आणि इतर कारखान्यांनाही हे वाद्य घडवायची मोकळीक मिळाली. लष्करी बँडांमागोमाग ते आपल्याकडेही आले. संस्थानिकांनी पाश्चात्य धर्तीचे बँड पदरी ठेवले. गोव्यात चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. कद्री गोपालनाथ हे नादस्वरम् वादकाचे चिरंजीव. त्यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात सॅक्सोफोन ऐकला आणि पुढे त्यावर कर्नाटक संगीत वाजवून जगभर नाव मिळवले.

पण या लष्करी वारशातच जुन्या वाद्याचा पहिला खड्डा आहे. आज पंचमसप्तकांचा हिशेब मध्याच्या 'ए' स्वराला सेकंदाला ४४० कंपने धरून होतो. १९३९ च्या लंडन परिषदेत हे माप ठरले. त्यापूर्वीची कित्येक बँडवाद्ये याहून चढ्या सुरात, ४५२ कंपनांच्या वा त्याच्याही वर घडवलेली असत. ब्रिटिश लष्करात हा चढा सूर १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालला. असे वाद्य आजच्या की-बोर्डाशेजारी बेसूरच वाजणार. चोच बाहेर ओढून एखादा स्वर उतरवता येईल, पण भोकांची अंतरेच चढ्या मापाची असल्याने बाकीचे स्वर विस्कटतात. पुष्कळ वाद्यांवर क्रमांकाजवळ चढ्या सुरासाठी 'एच' आणि उतरत्यासाठी 'एल' हे अक्षर कोरलेले असते. ते आधी पाहावे.

दुसरा खड्डा अमेरिकेतला. १९२० च्या दशकात तिथे घरोघरी सॅक्सोफोनचे वेड पसरले होते. पियानोचा कागद समोर ठेवून जसाच्या तसा वाजवता यावा म्हणून 'सी मेलडी' नावाची मधली जात ढिगांनी खपली. १९३० च्या सुमारास लाट ओसरली. ही वाद्ये आज स्वस्त दिसतात. पण बँडाचे कागद ऑल्टो आणि टेनरसाठी लिहिलेले असतात, आणि सी मेलडीच्या चोची शोधत हिंडावे लागते.

तिसरा खड्डा नावाचा. फ्रान्सच्या सेल्मर कारखान्याचे १९५४ मध्ये आलेले 'मार्क सहा' हे वाद्य नामांकित खरे. पण त्याच्या किमतीत कीर्तीचाही वाटा असतो. वर्षाला दहा-बारा सुपाऱ्या वाजवणाऱ्याने तो का भरावा?

मग काळ कोणता? माझे उत्तर असे ठरले: १९७० नंतरचा, शाळकरी मुलांसाठी घडवलेला ऑल्टो. जपानच्या यामाहाने १९६७ पासून सॅक्सोफोन घडवायला घेतले. अशी वाद्ये मोठ्या संख्येने निघाली, सूर आजच्या मापाचा, सुटे भाग मिळण्याजोगे, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या ओळखीची.

स्वस्त वाद्याने कलेला उणेपणा येतो, असे कुणी म्हणेल तर त्याला ग्राफ्टनची हकीकत सांगावी. १९५० च्या सुमारास इंग्लंडात ग्राफ्टन नावाचा प्लॅस्टिकचा ऑल्टो निघाला; किंमत पितळी वाद्याच्या साधारण निम्मी. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमधील गाजलेल्या मैफलीत चार्ली पार्करने तोच वाजवला. पितळी वाद्य परवडेना म्हणून ऑर्नेट कोलमनने १९५४ मध्ये तसलाच घेतला आणि त्यावर जाझची चालच बदलून टाकली. पार्करचा ग्राफ्टन १९९४ च्या लिलावात ९३,५०० पौंडांना गेला. मात्र ग्राफ्टन ठिसूळ, तडकणारा. त्याचा थाट संग्रहालयात शोभावा, वरातीत नव्हे.

काळ ठरला तरी परीक्षा उरतेच. नळीवरची भोके चामड्याच्या गाद्यांनी झाकली जातात. वरची एक गादी जरी गळली, तरी तिच्या खालचे सारे स्वर अडखळतात. म्हणून अंधाऱ्या खोलीत नळीत बारीक दिवा सोडावा आणि चाव्या दाबून कुठून उजेड फुटतो ते पाहावे. सर्वांत खालचा स्वर हळू फुंकरीत वाजतो का, हे ऐकावे. मान वाकलेली नसावी, चाव्या खुळखुळू नयेत. पोचा दिसला तर भिऊ नये, मुलामा उडाला असेल तर नाक मुरडू नये. सगळ्या गाद्या बदलण्याचा खर्च आधी विचारावा आणि तो किमतीत मिळवूनच घासाघीस करावी.

माझ्या विद्यार्थ्याने ही यादी वहीच्या कागदावर उतरवून घेतली. दोन चकाकते बाजे त्याने परत केले. तिसरा, मुलामा उडालेला, घेतला. डब्यात फीचे पैसे शाबूत राहिले. आता मांडवात तो वाजवतो तेव्हा त्या पितळेवरचे डाग पाहायला कुणी जवळ येत नाही. वऱ्हाडी नाचत असतात, आणि नवरीच्या मामाला तर तेच गाणे पुन्हा हवे असते!