उंबरठ्यावरची ठिणगी

हिरण्यकशिपूने वर मागताना दिवस आणि रात्र, घर आणि अंगण या साऱ्यांची तरतूद केली. राहिले ते संधिकाल आणि उंबरठा. दस्तऐवजांतील अशाच फटी शोधण्यात आमचे आयुष्य गेल्यामुळे विद्युत्‌शास्त्रातील एका जुन्या नियमाने आमचे लक्ष वेधले.

तो नियम फ्रीड्रिख पाशेन या जर्मन संशोधकाने १८८९ मध्ये मांडला. दोन विद्युत्-अग्रांमधील भरपूर हवा ठिणगीला अडविते. उत्तम निर्वातही अडविते. मधल्या विरळ अवस्थेत मात्र सुमारे ३३० व्होल्टनाही हवेतून ठिणगी पडू शकते.

पुढे १९११ मध्ये लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांना अतिशीत पाऱ्याचा विद्युत्‌रोध नाहीसा झालेला आढळला. या अतिसंवाहकतेवर चालणारे चुंबक टोकामॅक जातीच्या संमीलनयंत्रात प्रथम आले ते १९७९ मध्ये, मॉस्को येथील टी-७ मध्ये. आज फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ईटर यंत्राची १८ मुख्य वेटोळी ६८,००० अँपिअर प्रवाह वाहण्यासाठी आणि ४१ अब्ज जूल ऊर्जा साठविण्यासाठी योजिली आहेत.

प्रवाह स्थिर असेतोवर त्यांच्यावर विद्युद्दाब जवळजवळ नसतोच. पण तारेचा एखादा भाग तापून अतिसंवाहकता गमावू लागला, की ती ऊर्जा काही सेकंदांच्या हिशोबाने बाहेर काढावी लागते, आणि वेटोळ्यांवर हजारो व्होल्ट चढतात. त्याच वेळी शीतक हेलियम निर्वातात झिरपला, तर पाशेनचा उंबरठा गाठला गेलाच म्हणून समजावे.

यास्तव काचतंतू, पॉलिइमाइडची पट्टी आणि राळ यांचे वेष्टन करूनही अभियंते स्वस्थ बसत नाहीत. वेटोळे टाकीत ठेवून ते वायुदाब पायरीपायरीने बदलतात व प्रत्येक पायरीवर उच्च विद्युद्दाब लावतात. वेष्टनातील बारीकसे छिद्रही मग लपत नाही. भर हवेत निर्दोष ठरलेले वेटोळे येथे दोषी ठरू शकते. आमच्या व्यवसायात यालाच उलटतपासणी म्हणतात.

ही दक्षता अनाठायी नव्हे. जिनिव्हाजवळच्या कणत्वरकात १९ सप्टेंबर २००८ रोजी चुंबकांमधील एका सदोष सांध्यापाशी ठिणगी पेटून हेलियमचे आवरण फुटले. ते यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. दोष तेथे वेष्टनाचा नव्हता. पण शीत चुंबकांत साठलेली ऊर्जा एका ठिकाणी सुटली म्हणजे काय होते, ते जगाने पाहिले.

ईटरमध्ये भारत २००५ पासून सहभागी आहे. त्या चुंबकांना कवेत घेणाऱ्या विशाल निर्वातपात्राचे भाग गुजरातेत, हजिरा येथे घडले. तेव्हा ही चिंता परक्याची म्हणून आपणांस सोडून देता येणार नाही.