लेखकाची उमेदवारी

लेखक व्हावयाचें असल्यास काय करावें, असा प्रश्न आम्हां शिक्षकवर्गास तरुण मंडळींकडून वारंवार येतो. पृच्छकाची कल्पना बहुधा अशी असते कीं, प्रतिभा ही जन्मजात देणगी आहे; ती असेल तर लेखणी आपोआप चालेल, नसेल तर सर्व खटाटोप व्यर्थ. ह्या कल्पनेनें दुहेरी नुकसान होतें. ज्याला आपण प्रतिभावान् आहों असें वाटतें तो स्फूर्तीची वाट पाहात बसतो, आणि ज्याला तसें वाटत नाहीं तो लेखणीच खालीं ठेवतो. मराठी गद्याचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो, व तीच येथें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांस हा भ्रम नव्हता. मम्मटानें काव्याच्या उत्पत्तीला शक्ति, निपुणता आणि अभ्यास अशीं तीन अंगें सांगितलीं, व तीं तीन निरनिराळीं कारणें नसून तिहींचें मिळून एकच कारण होतें, असें बजावून ठेविलें. दहाव्या शतकाच्या सुमारास झालेल्या राजशेखरानें तर ‘काव्यमीमांसें’त कवीची दिनचर्याच आंखून दिली आहे. पहिल्या प्रहरीं विद्यांचें अध्ययन, दुसऱ्या प्रहरीं काव्यरचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी, आणि चवथ्या प्रहरीं सकाळीं रचलेल्या काव्याची परीक्षा, असा तो क्रम आहे. स्फूर्तीसाठीं त्यानें निराळा प्रहर राखून ठेविलेला नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आतां आपल्या भाषेंतील उदाहरण घेऊं. इ. स. १८७४ च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हां त्यांचें वय अवघें २३ वर्षांचें होतें. इतक्या कोवळ्या वयांत इतकी प्रौढ भाषा कोठून आली, ह्याचें आश्चर्य करून लोक प्रतिभेकडे बोट दाखवितात. परंतु ह्या घटनेचा पूर्वभाग पाहिला म्हणजे तें आश्चर्य बरेंच ओसरतें. १८६८ मध्यें, म्हणजे कॉलेजांत शिकत असतांनाच, वडील कृष्णशास्त्री ह्यांच्या ‘शालापत्रका’चें काम त्यांनीं अंगावर घेतलें होतें. मराठी शाळांतील शिक्षक व विद्यार्थी ह्यांसाठीं निघणारें तें लहानसें मासिक. त्यापासून मोठा नांवलौकिक मिळावा असें कांहीं नव्हतें. पण महिना भरला कीं मजकूर सिद्ध झालाच पाहिजे, आणि तोहि शाळेंतील पोरास समजेल असा, हा नेम त्यांस पाळावा लागला. कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु व दंडी ह्या संस्कृत कवींवरील त्यांचे प्रसिद्ध लेख प्रथम ह्याच पत्रकांत आले. तेव्हां ‘माले’चा पहिला अंक हातीं पडल्यावर महाराष्ट्रास जो नवा लेखक दिसला, त्याच्या पाठीशीं सुमारें सहा वर्षांची उमेदवारी होती. पुढें ‘माले’चे ८४ अंक निघाले, आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर ह्या एकाच लेखणीचा आहे. पुरता परिपाक होईपर्यंत थांबूं, असें शास्त्रीबोवा म्हणते, तर मराठी गद्याच्या वाट्यास काय आलें असतें? वयाचीं ३२ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८८२ च्या मार्चमध्यें, त्यांचा अंत झाला.

ज्या इंग्रज ग्रंथकारावर त्यांची विशेष भक्ति होती, व ज्याचें चरित्र त्यांनीं ‘माले’त लिहिलें, त्या डॉ. जॉन्सनची कथाहि अशीच आहे. १७५० च्या मार्चपासून दोन वर्षें, दर मंगळवारीं व शनिवारीं, त्यानें ‘रॅम्ब्लर’ हें पत्र चालविलें. त्याचे २०८ अंक निघाले, आणि मोजके सोडून बाकी सर्व त्यानें एकट्यानें लिहिले. पुढें १७५९ मध्यें, आईच्या उत्तरक्रियेचा खर्च भागविण्यासाठीं, त्यानें ‘रासेलस’ ही कथा एका आठवड्यांतील सायंकाळच्या वेळांत लिहून काढली, असें सांगतात. लोकांना तो आठवडा दिसतो. त्यामागील २०८ अंक दिसत नाहींत. कृष्णशास्त्र्यांनीं आरंभिलेलें ह्या कथेचें मराठी भाषांतर विष्णुशास्त्र्यांनीं तडीस नेलें, हाहि एक योगच म्हणावयाचा.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, नेमानें लिहून हात वळतो, पण विचार वाढतोच असें नाहीं. किती तरी पत्रांचे रकाने वर्षानुवर्षें नेमानें भरले गेले, परंतु ते भरणारे सर्वच कांहीं ग्रंथकार झाले नाहींत. आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर राजशेखराच्या पहिल्या व चवथ्या प्रहरांत आहे. अध्ययन आणि परीक्षा ह्या दोहोंच्या मध्यें बसविलेलें लेखन हाच अभ्यास. तीं दोन्हीं वगळून केलेलें लेखन ही केवळ संवय होय. विष्णुशास्त्र्यांचें वाचन संस्कृत व इंग्रजी अशा दोन्हीं वाङ्मयांतून चालू होतें; आणि ‘माले’चा आरंभच त्यांनीं मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीच्या परीक्षणानें केला. दुसऱ्यांच्या वाक्यांतील दोष जो भर बाजारांत दाखवितो, त्यास स्वतःचें वाक्य सैल सोडून चालत नाहीं.

१८८० मध्यें पुण्यास विष्णुशास्त्री, टिळक प्रभृति मंडळींनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. त्या शाळेंत शिकलेल्या हरि नारायण आपट्यांनीं १८९० मध्यें ‘करमणूक’ हें साप्ताहिक हातीं घेतलें आणि १९१७ पर्यंत चालविलें. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी ह्याच साप्ताहिकांतून क्रमशः बाहेर पडली. आज आपण जी एकसंध कृति म्हणून वाचतों, ती त्यांस हप्त्याहप्त्यानें, ठरल्या वारीं, वाचकांच्या हवालीं करावी लागली. गुरूला महिन्याचा नेम होता, शिष्याला आठवड्याचा, भेद एवढाच.

तेव्हां प्रश्न करणाऱ्या तरुणास आमचें सांगणें असें कीं, त्यानें मोठ्या ग्रंथाचा संकल्प तूर्त बाजूस ठेवावा आणि एखाद्या ‘शालापत्रका’चा शोध करावा. तें कितीहि लहान असो, त्याचे वाचक कितीहि थोडे असोत. ठरल्या तिथीस लिहून देण्याची सक्ति तेवढी त्यांत असावी. प्रतिभा आहे कीं नाहीं, हा निकाल त्यानें स्वतः देऊं नये व आमच्याकडूनहि मागूं नये. तो ८४ अंक निघाल्यावर वाचकांनीं द्यावयाचा आहे.